काठाचा तुकडा

सराफंदच्या टेकाडाखाली, केळीच्या बागा संपतात तिथं
उलट्या क्रेटवर बसून
वदाद खापरं धुते.
दोन प्लास्टिकची घमेली, दात घासायचा एक जुना ब्रश.
समुद्र वीस पावलांवर आहे.
ती त्याच्याकडे पाठ करून बसते.
नवऱ्याची होडी गेली त्याला नऊ वर्षं झाली.

मी खापरांची चित्रं काढतो.
काठाचा बोटभर तुकडा मला पुरतो:
त्याचं वळण आलेखाच्या कागदावर टेकवायचं,
कंपासनं वर्तुळ पुरं करायचं
आणि सांगायचं, रांजण होता, तोंड बावीस सेंटिमीटर.
हातात आहे तेवढं ठळक रेघेनं,
बाकी सगळं तुटक.
तुटक रेघ म्हणजे, माहीत नाही, पण असणार.

वर भट्ट्या निघाल्यात, एकीला खेटून एक.
भाजताना वाकडी झालेली मडकी कुंभारानं तिथंच टाकलेली,
एकावर त्याचा अंगठा.
आणि शंख, ढीगच्या ढीग,
सगळे एकाच जागी फोडलेले, जांभळ्या रंगासाठी.
"काय घाण सुटत असेल गावात,"
वदाद म्हणाली.
"रंग राजाच्या अंगावर जायचा. वास आमच्याकडे."

दुपारी मी विचारलं, ती गोष्ट ठाऊक आहे ना,
आपल्याच गावची?
तीन वर्षं पाऊस नाही. एक परका माणूस येतो,
कुणी त्याला इलियास म्हणतं, कुणी खिद्र,
वेशीपाशी काटक्या वेचणाऱ्या विधवेला म्हणतो, पाणी दे.
ती वळते, तेवढ्यात म्हणतो, भाकरीही.
तिच्याकडे मूठभर पीठ, बुधलीत तळाला तेल.
लेकराला करून घालणार
आणि मग दोघं मरणार, इतकाच तिचा बेत.
तरी ती देते.
आणि पीठ सरत नाही, तेल आटत नाही,
पाऊस येईपर्यंत.

वदादचा ब्रश थांबला नाही.
"रात्री पीठ कोण टाकायचं,
ते लिहिलंय का कुठं?"

मी हसलो. ती नाही हसली.

"होडी गेली त्या हिवाळ्यात
माझ्याकडे एक निळा डबा होता, दूधपावडरचा.
संध्याकाळी खरवडायचे तर पत्र्याचा आवाज यायचा.
सकाळी यायचा नाही.
दाराला कडी नव्हती.
मी जागी राहून पाहिलं नाही कधी.
पाहिलं असतं, तर विहिरीवर
तिला तोंड कसं दाखवलं असतं?
शफीका असेल. नाहीतर जाळी विणणाऱ्या जवादची सून,
तिच्या स्वतःच्याच घरी सहा तोंडं.
एकदा पिठात केस सापडला, लांब, मेंदी लावलेला.
आमच्या गल्लीत चौघी मेंदी लावायच्या.
मी केस काढला
आणि कणीक तिंबली."

मग घमेल्यातून तिनं एक बूड काढलं, भांड्याचं,
पाणी निथळवलं, माझ्यापुढं धरलं.
आतून रेघा. बारीक, एकमेकींवर गेलेल्या.
"ही काय कुंभाराची नक्षी नव्हे," ती म्हणाली.

खापराच्या कार्डावर 'शेरा' म्हणून एक रकाना असतो.
एरवी मी तो कोराच सोडतो.
आज लिहिलं: आतून खरवडलेलं.
घराचा नंबर, थराचा नंबर, तारीख.
विधवेचं नाव गोष्टीतही नाही.

चारला ट्रॅक्टर येतो, क्रेट न्यायला.
त्याआधी तिनं आपली झातर लावलेली रोटी मोडली,
मोठा अर्धा भाग मला दिला, न विचारता,
ठेवायला जागा नव्हती म्हणून
थेट आलेखाच्या कागदावर.
तेल पसरलं. ठळक रेघ ओलांडून
तुटक रेघेच्याही पलीकडं.

मी कागद ओढायला गेलो.
"राहू दे रे," वदाद म्हणाली,
"आधी खा. कागद काय, दुसरा मिळेल."